पाचवी सही

श्रीराम गुरुजींना सेलूत कोणीही विचारलं, "गुरुजी, राहायला कुठं?" तर उत्तर ठरलेलं असायचं. "बसवअप्पांकडे. भाडेकरू आहे मी." सव्वीस वर्षं हेच उत्तर. आता तुम्हीच सांगा, असा भाडेकरू कुठं पाहिलाय का, जो सकाळी उठून मालकाच्या अंघोळीचं पाणी तापवतो, मालकाच्या चष्म्याची काडी तुटली तर शिक्षकांची मीटिंग सोडून दुकान गाठतो, आणि मालकानं वरणाची फोडणी करपवली तर दोन दिवस गाल फुगवून बसतो? गल्लीला कळत होतं. गल्ली काय आंधळी नसते. पण गुरुजी "भाडेकरू" म्हणायचे आणि गल्ली "बरं बरं" म्हणायची, असा दोघांत न बोलता करारच होऊन गेला होता.

आपण त्या करारात नाही, तेव्हा आपण सरळ बोलू. त्या दोघांचं एकमेकांवर प्रेम होतं. नवरा-बायकोत असतं तसं, आणि कटकटही तितकीच. गुरुजी ब्राह्मणाघरचे, जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. बसवराज, म्हणजेच आपले बसवअप्पा, लिंगायत, सेलूच्या एका जिनिंग कारखान्यात कापसाची प्रत ठरवायचा. बोंडातून चिमूटभर कापूस घेऊन धागा ओढायचा आणि लांबी सांगायचा, यंत्राच्या आधी. गुरुजी एकदा शाळेची पोरं घेऊन जिनिंग दाखवायला गेले. बसवराजनं त्यांच्या तळहातावर धागा ठेवला आणि म्हणाला, "बघा गुरुजी, हा लांब जाणार." कापसाबद्दलच म्हणाला होता. पण गुरुजी पुढच्या आठवड्यात पोरांशिवायच जिनिंगमध्ये हजर.

तर अशा ह्या गुरुजींवर यंदा दिवाळी सरल्या सरल्या एक बाका प्रसंग आला.

नऊ वर्षांनी नगरपालिकेची निवडणूक लागली होती. त्यांच्या सात नंबर प्रभागातून तात्याराव उभे होते. तात्याराव म्हणजे तीनदा निवडून आलेले, अंगानं आडवे, आवाजानं त्याहून आडवे. त्यांच्यापुढं कोणी उभंच राहत नसे. यंदा उभी राहिली ती रेणुका सिस्टर, त्याच गल्लीतली, परभणीच्या एका मोठ्या दवाखान्यातून नुकतीच निवृत्त झालेली. कुठला पक्ष नाही, पाठीशी कोणी नाही. आणि नियम असा की पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, पण अपक्षाला पाच लागतात. पाच माणसांनी अर्जावर सही करायची, की आम्ही ह्या बाईचं नाव सुचवतो. पाचही त्याच प्रभागाचे मतदार हवेत.

गल्लीतला कुठलाही अर्ज भरायचा तर गुरुजींकडे यायचं, ही रीतच होती. सिस्टरही आली. गुरुजींनी कागद पसरले, चष्मा चढवला, सह्या झालेल्या चारही सूचकांचे यादीतले नंबर स्वतः तपासून लिहिले.

"पाचवा कोण, सिस्टर?"

"सोनाराचा मुलगा देतो म्हणाला होता. काल म्हणाला, बाई, घरचे नको म्हणायलेत." सिस्टर हसली. "उद्या दुपारी तीनपर्यंत वेळ आहे. बघते."

तिनं गुरुजींना सही मागितली नाही. त्यांच्याकडं नुसतं पाहिलंसुद्धा नाही. चहा पिऊन, कागद पिशवीत घालून निघून गेली. न मागता गेली म्हणूनच गुरुजींना घास गोड लागेना.

कारण ह्याच बाईनं त्यांना एकदा सही करू दिली होती.

मागच्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. बसवअप्पांच्या पोटात दुखायला लागलं, ते दुपारपर्यंत असं वाढलं की माणूस जमिनीवर गुडघे पोटाशी घेऊन पडला. आतड्याला छिद्र पडलंय, परभणीला न्या, असं सेलूत सांगितलं. गुरुजी रुग्णवाहिकेत त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले. दवाखान्याच्या खिडकीवर माणसानं विचारलं, "पेशंटचे कोण तुम्ही?" आणि गुरुजींच्या तोंडून, सवयीनं हो, निव्वळ सवयीनं, निघून गेलं, "भाडेकरू."

त्यानं तसंच लिहिलं. मग म्हणाला, "ऑपरेशनच्या कागदावर रक्ताच्या नात्यातल्याची सही लागंल. भाडेकरूची चालत नसती."

"अहो, पण मी..."

"तुमी काय?"

आयुष्यभर पोरांकडून उत्तरं पाठ करून घेणारा माणूस, त्याला स्वतःचंच उत्तर येईना. बसवअप्पांच्या रक्ताचा म्हणावा असा एक पुतण्या होता, शंभुराज. तो बिदरला लग्नाला गेलेला, फोन लागत नव्हता. तासभर गुरुजी त्या खिडकीपासून पलंगापर्यंत आणि पलंगापासून खिडकीपर्यंत नुसते बेजार होऊन फिरत राहिले. पलंगावर बसवअप्पांचे ओठ पांढरे पडायला लागले होते.

तेवढ्यात रेणुका सिस्टर आली. ती तिथली मुख्य परिचारिका, रोज सेलूहून रेल्वेनं यायची. बसवअप्पांना तिनं गल्लीत पाहिलेलं होतं, बोलणं कधी फारसं नव्हतं. ती ऑपरेशनची तयारी करायला वाकली आणि म्हणाली, "अप्पा, गळ्यातलं काढावं लागंल. आत अंगावर काही चालत नाही."

बसवअप्पांच्या गळ्यात लहानपणापासून इष्टलिंग होतं. त्यांनी दोन्ही हातांनी त्याचा दोरा धरला.

"काढतो. पण टेबलावर ठिवायचं न्हाई, कपाटात न्हाई. आमच्या मायची ताकीद हाय. गळ्यातून उतरलं तर घरच्या माणसाच्या डाव्या तळहातावर. आन् परत गळ्यात येईपर्यंत त्यानं हात खाली करायचा न्हाई."

"बरं. मग घरचं कोण आलंय?"

"ह्यो काय उभा हाय की."

सिस्टरनं गुरुजींकडे पाहिलं, मग हातातल्या कागदाकडं पाहिलं. "इथं तर भाडेकरू लिहिलंय."

"त्यानंच सांगितलं आसंल," बसवअप्पा कण्हत कण्हत म्हणाले. "लय घाबरट हाय ते. तुमी लक्ष देऊ नका."

जीव जायची वेळ, आणि हा माणूस त्यातही आपल्या माणसाची फिरकी घेतोय! गुरुजींना रडू फुटलं. त्यांनी फक्त डावा हात पुढं केला. सिस्टरनं दोरा सोडवून इष्टलिंग त्यांच्या तळहातावर ठेवलं. मग खिशातलं पेन काढून "भाडेकरू" ह्या शब्दावर एक सरळ रेघ मारली, वर "घरचे" असं लिहिलं, शेजारी स्वतःची सही केली आणि कागद गुरुजींच्या पुढं धरला.

"उजवा हात मोकळा आहे ना? करा सही."

साडेतीन तास ऑपरेशन चाललं. साडेतीन तास गुरुजी बाकावर डावा हात छातीशी उचलून बसून होते. खांदा भरून आला, बोटं बधिर झाली, नाक वाहायला लागलं तरी हात खाली नाही. मध्ये एकदा सिस्टर चहा घेऊन आली, तिनं तो बशीत ओतला आणि बशी त्यांच्या उजव्या हातात दिली.

"सिस्टर, तुमचे उपकार मी..."

"फुंकून प्या. गरम आहे."

बसवअप्पा वाचले. पुतण्या दुसऱ्या दिवशी आला आणि परक्या माणसाची सही कशी घेतली म्हणून त्यानं दवाखान्याकडे तक्रार केली. सिस्टरकडून खुलासा मागवला गेला. तिनं एका ओळीत दिला, "पेशंट शुद्धीवर होता, घरचा माणूस कोण हे त्यानंच सांगितलं." प्रकरण पाच महिने रेंगाळलं, तिला नको नको ते ऐकावं लागलं. गुरुजींना हे सगळं फार उशिरा कळलं, तेही दुसऱ्याकडून. ती स्वतः कधी एका शब्दानं बोलली नाही.

आता ती उभी राहत होती ती एवढ्याच एका गोष्टीसाठी. नगरपालिकेचा दवाखाना नव्यानं सुरू व्हायचा होता. तिथं सोबत आलेला माणूस कोण, हे पेशंट सांगेल ते लिहायचं, आणि कोणालाही, बाई असो, बुवा असो, तृतीयपंथी असो, पलंग नाकारायचा नाही, हे तिला ठरावात घालून घ्यायचं होतं. तिच्या नोकरीत एका तृतीयपंथी पेशंटला बायकांच्या वॉर्डानं नको म्हटलं, पुरुषांच्या वॉर्डानं नको म्हटलं, आणि दोन दिवस मधल्या बाकावर सलाईन लावून ठेवलं होतं. ते तिच्या डोळ्यांपुढून जात नव्हतं.

मग गुरुजींनी झटकन सही का नाही केली, असं तुम्ही म्हणाल. अहो, उपकार एकाच माणसाचे असते तर सोपं होतं.

पंधरा वर्षांपूर्वी कोणा टवाळांनी घराच्या पुढच्या भिंतीवर कोळशानं दोघांची नावं लिहिली होती, आणि खाली जे लिहिलं होतं ते मी इथं लिहिणार नाही. सकाळी सातला ते लिहिलेलं दिसलं. साडेआठला तात्यारावांची माणसं चुन्याची बादली घेऊन हजर. दहापर्यंत भिंत पांढरीशुभ्र. तात्यारावांनी चौकात उभं राहून एवढंच सांगितलं, की पुन्हा असं झालं तर लिहिणाऱ्याचा हात शाबूत राहणार नाही. मग घरात येऊन गुरुजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "फिकीर करू नका. मी हाय. तुमी फक्त गाजावाजा करू नका, म्हंजे झालं." गुरुजी त्या दिवशी त्यांच्या पाया पडायचेच बाकी होते.

त्याच तात्यारावांचा त्या संध्याकाळी पाय दारात पडला. सिस्टर जाऊन अर्धा तासही झाला नव्हता.

"बाईला चार सह्या मिळाल्यात म्हणं," ते खुर्चीत बसत म्हणाले. "मिळू द्या. पाचवी काय मिळत नसती. तिचा अर्ज तुमीच भरून दिला म्हणं, गुरुजी?"

"सगळ्यांचेच भरतो."

"बराबर हाय. भरा. माझी काय तकरार न्हाई." तात्यारावांनी चहाचा घोट घेतला. ते धमकी द्यायला आले नव्हते, हे सांगायला हवं. माणूस तसा नव्हता. "पण ती बाई जे बोलायलीय, दवाखान्याच्या कागदावर हे लिवा, ते लिवा, त्यानं काय व्हतंय, गावात चर्चा व्हती. मग लोक बोटं दाखवत्यात. झाकलेलं असतंय तवर समदे नीट वागत्यात. मी इतकी वर्षं तुमाला सांभाळलं का न्हाई?"

"सांभाळलंत," गुरुजी म्हणाले, आणि ते मनापासून होतं.

तात्याराव गेल्यावर बसवअप्पा पलंगावरून उठून पुढं आले. ऑपरेशनपासून ते जरा वाकून चालत.

"मी करतो सही."

"तू नको. करायचीच झाली तर मी करतो."

"का? मला हात न्हाईत?"

"एका कागदावर आपली दोघांची नावं नकोत, बसू. लोक वाचतात. तो कागद भिंतीवर लावतात." गुरुजींचा आवाज चढला. "एकाचं असलं तर म्हणता येईल, गुरुजी आहेत, अर्ज त्यांनीच भरला, केली असेल सही."

बसवअप्पा सुपारी कातरत म्हणाले, "तात्याराव लय चांगला माणूस. त्यानं भिंत पुसली, मी त्याला जिंदगीभर दुवा देईन. पण श्रीराम, त्याच्यात आपली नावं बी पुसली गेली. त्या बाईनं कागदावर घातली. तुला कोणाला निवडायचं तर निवड. तिथं दवाखान्यात दुसरा कोण तरी श्रीराम उभा राहणार हाय, त्याला काय म्हणायचं तेवढं ठरीव."

त्या रात्री गुरुजींनी भांडी जरा जास्तच आदळत घासली. सकाळी पूजा आटोपून, इस्त्रीचा सदरा घालून, सिस्टरच्या दारात जाऊन उभे राहिले. "आणा तो अर्ज." आणि जिन्यातच, कठड्यावर कागद ठेवून, पाचव्या रकान्यात आपलं नाव लिहिलं, सही केली. सिस्टरनं शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर मारली. रडणं तिला आवडत नसे.

दोनच्या सुमारास गुरुजी आणि सिस्टर नगरपालिकेच्या वरच्या मजल्यावर पोचले. आत गर्दी ही! तात्यारावांचा अर्ज तेव्हाच दाखल होत होता, गुलाल लावलेली वीस माणसं जिन्यात. टेबलामागं निवडणूक अधिकारी, शेजारी यादी घेऊन धम्मानंद बसलेला. धम्मानंद गुरुजींचाच विद्यार्थी. पाचवीत त्याला गुरुजींनी चुंबक दिला होता, तो त्यानं अजून जपून ठेवलाय म्हणतात. त्यानं एकेक सूचकाचा नंबर यादीत पाहिला. एक, दोन, तीन, चार. पाचव्याला त्याचं बोट थांबलं. खाली गेलं, वर आलं.

"गुरुजी, तुमचं नाव सातमध्ये न्हाई."

"असं कसं? नीट बघ. घर नंबर सतरा."

"सतरात फक्त बसवअप्पा हायत." त्यानं दुसरी यादी ओढली. "हे बघा, तुमी आठमध्ये हाव. घर नंबर सतरा-अ."

गुरुजींनी यादी स्वतःकडं ओढली. सतरा-अ! ते त्यांनी स्वतः लिहिलं होतं. वीस वर्षांपूर्वी मतदार यादीचं काम शिक्षकांकडं आलं, तेव्हा ही गल्ली त्यांच्याकडंच होती. घरोघर फिरून सगळ्यांचे अर्ज त्यांनी भरले, आणि स्वतःच्या घराशी येऊन पेन थबकलं. दोन पुरुष, एक घर, एक नंबर. कोणी वाचलं तर? घराला मागच्या गल्लीत उघडणारं दार होतं, तिथं गुरुजी फक्त सायकल ठेवत. त्या दाराला त्यांनी सतरा-अ असा नंबर देऊन टाकला आणि स्वतःला तिथला रहिवासी करून टाकलं. सायकलीच्या जागेत राहणारा मतदार! मग यंदा नवीन प्रभाग पडले. पुढची गल्ली सातमध्ये गेली, मागची आठमध्ये. साऱ्या गल्लीचे नंबर गुरुजींनी तपासले होते. फक्त स्वतःचा तपासायचा राहिला.

"ही सही धरता येणार नाही," अधिकारी म्हणाले. त्यांनी पाचव्या नावावर रेघ मारली, बाजूला आपली सही केली. "रकाना खाली आणखी आहे. प्रभागातला दुसरा सूचक आणा. पण अर्ज आता टेबलावर आलाय, बाहेर नेता येणार नाही. माणूस इथं यावा लागेल. दोन वाजून पंचवीस झालेत."

सिस्टर म्हणाली, "जाऊ द्या गुरुजी. तुम्ही दिलीत, मला पोचली."

असं ती म्हणाली आणि गुरुजींना स्वतःचा इतका राग आला, की आयुष्यात कधी आला नव्हता. ज्या बाईनं आपल्यासाठी "भाडेकरू" खोडलं, तिचा अर्ज आपल्या भित्रेपणापायी पडतोय! त्यांनी फोन लावला.

"बसू, तुला यावं लागेल. रिक्षा कर. शर्ट घालून तयार हो आणि..."

"सकाळपासून घालूनच बसलोय की," पलीकडून आवाज आला. "मला काय ठाव न्हाई का तू कशात तरी घोळ घालणार म्हणून? ह्या बघ, रिक्षा दारात हाय."

गुरुजींना हसू आणि रडू एकदमच आलं. ते धावत खाली गेले. रिक्षा आली तेव्हा दोन वाजून चाळीस झाले होते. बावीस पायऱ्या, आणि बसवअप्पांच्या पोटाला जुन्या टाक्यांची ओढ. गुरुजींनी त्यांचा हात घट्ट धरला. एकेक पायरी, मध्ये दम, पुन्हा एक पायरी. जिन्यातली गुलालवाली माणसं भिंतीला चिकटून बाजूला झाली. कोणीतरी मागं हळूच काही बोललं आणि कोणीतरी हसलं. एरवी गुरुजींचा हात तिथंच सुटला असता. पण हात सोडला तर बसवअप्पा पडले असते, तेव्हा सोडायचा प्रश्नच नव्हता.

टेबलापाशी पोचले तर अधिकाऱ्यांनी मान वर केली. "आत आता फक्त उमेदवार आणि सूचक थांबतील. तुम्ही," त्यांनी गुरुजींना विचारलं, "तुम्ही ह्यांचे कोण?"

धम्मानंदनं यादीत मान खाली घातली. तात्याराव खिडकीशी उभे होते, त्यांनी गुरुजींकडं पाहिलं. सिस्टरनंही पाहिलं. तोच प्रश्न होता, खिडकी तेवढी वेगळी. गुरुजींच्या जिभेवर तो जुना शब्द आला, हे मी लपवत नाही. अगदी ओठांपर्यंत आला. त्यांनी तो गिळला.

"मी ह्यांच्या घरचा," गुरुजी म्हणाले. आवाज फाटला म्हणून पुन्हा म्हणाले, वर्गात म्हणायचे तसं, शेवटच्या बाकापर्यंत जाईल असं. "घरचा माणूस आहे मी. सव्वीस वर्षं आम्ही एकत्र राहतो."

अधिकाऱ्यांनी क्षणभर पाहिलं आणि म्हणाले, "मग थांबा. त्यांना आधार लागतोय."

बस, एवढंच झालं. छत कोसळलं नाही. सव्वीस वर्षं ज्या वाक्याची धास्ती घेतली, त्याला सरकारी उत्तर मिळालं, "मग थांबा."

बसवअप्पांनी पेन घेतलं. तेवढ्यात तात्यारावांचा एक माणूस दारातून आत घुसला. "साहेब, हरकत हाय आमची. खाडाखोड केलेला अर्ज हाय. एक नाव कापलंय, खाली दुसरं..."

"ए, गप रे," खिडकीतून आवाज आला. तात्याराव चालत टेबलापाशी आले. तात्यारावांनी कोपऱ्यातली खुर्ची एका हातानं उचलली, बसवअप्पांच्या मागं आणून ठेवली. "बसा अप्पा. बसून करा सही. हरकत-बिरकत काय न्हाई साहेब, घ्या अर्ज. बाई लढू द्या की. मला काय बाईच्या मुकाबल्याचं भ्याव वाटतंय व्हय?"

मग गुरुजींकडं वळून, जरा हळू आवाजात म्हणाले, "आज सांगितलंत. मला वाटलं व्हतं तुमी कधीच सांगणार न्हाई. मत मातर बाईलाच देणार, ते कळलं मला."

"माझं मत आठमध्ये आहे तात्याराव," गुरुजी कसनुसं हसले. "तिला देताच येत नाही."

तात्याराव खदखदून हसले. दोन वाजून बावन्न मिनिटांनी अर्ज दाखल झाला.

खाली चहाच्या टपरीवर तिघं बसले. गुरुजींनी सिस्टरकडं पाहिलं, बोलायला तोंड उघडलं. किती बोलायचं साठलं होतं! त्या साडेतीन तासांबद्दल, खुलाशाबद्दल, त्या एका रेघेबद्दल, की त्यानंतरचा प्रत्येक दिवस बसूसोबत मिळालाय तो तुमच्यामुळे, सकाळी त्याच्या घोरण्यानं जाग येते तेव्हा आधी तुमचं नाव मनात येतं. "सिस्टर, तुम्ही नसता तर..." एवढंच निघालं.

सिस्टरनं त्यांचा चहा बशीत ओतला आणि बशी पुढं सरकवली. "फुंकून प्या, गुरुजी."

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी आणि बसवअप्पा पुन्हा नगरपालिकेत गेले. गुरुजींना पत्त्याच्या दुरुस्तीचा अर्ज द्यायचा होता. ह्या निवडणुकीला तो उपयोगाचा नव्हता, पण त्यांना एक दिवसही थांबायचं नव्हतं. घर क्रमांक सतरा, असं त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं. बाहेर आले तर फलकापाशी माणसं जमलेली. सगळ्या उमेदवारांच्या अर्जांच्या प्रती लावल्या होत्या. रेणुका सिस्टरचा अर्ज तिसरा. सूचकांची चार नावं, पाचव्यावर एक सरळ रेघ, पण नाव स्वच्छ वाचता येत होतं: श्रीराम. आणि त्याच्या लगेच खाली, किंचित वाकड्या अक्षरात, बसवराज.

बसवअप्पांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं.

"श्रीराम, आपली लग्नपत्रिका लागली की रे भिंतीवर. तुझं नाव जरा खोडलेलं हाय, पण चालतंय."

"हळू बोल. लोक ऐकतात," गुरुजी सवयीनं म्हणाले. मग त्यांचं त्यांनाच हसू आलं. शेजारी उभ्या असलेल्या एका बाईनं विचारलं, काय हो गुरुजी, काय लिहिलंय तिथं? गुरुजींनी बोट ठेवून तिला दोन्ही नावं वाचून दाखवली.

मग ते घरी निघाले. रस्ता सपाट होता, एकही पायरी नव्हती. तरी गुरुजींनी बसवअप्पांचा हात धरला.